बंदुकीची नळी आणि कढत पाणी



शाळेंत मी तीस वर्षें इतिहास शिकविला. दर वर्षीं इ. स. १८५७ चें प्रकरण आलें कीं काडतुसांच्या चरबीची हकीकत मी ठराविक शब्दांत सांगत असें, आणि मुलें ती ठराविक शब्दांत लिहून देत असत. एका वर्षीं मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावीतच कां होते?” प्रश्न अगदीं साधा होता. मला त्याचें उत्तर येत नव्हतें. “पुढें पाहूं” असें म्हणून मी वेळ मारून नेली; परंतु घरीं जातांना माझी मलाच लाज वाटली. ज्या वस्तूवरून एवढा वणवा पेटला, ती वस्तु काडतुसावर कशासाठीं होती हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें सत्तावनचें वर्ष काय शिकविलें?

त्या प्रश्नाच्या मागें लागून मी पुष्कळ वाचलें, आणि चरबीच्या वाटेनें बंदुकीच्या नळीच्या आंत जाऊन पोहोंचलों. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती नळी स्वच्छ करण्याची हकीकत आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु नळींतल्या काजळीनें सैन्यांच्या कवायती बदलल्या, आणि पुढें याच प्रश्नानें मोठमोठ्या तज्ज्ञांना निदान पंचवीस वर्षें चकविलें.

प्रथम जुन्या काळ्या दारूविषयीं. सोरा, कोळसा आणि गंधक हीं तीन द्रव्यें. शंभर भागांत सोरा पंचाहत्तर, कोळसा पंधरा व गंधक दहा, हें युरोपांत रूढ झालेलें प्रमाण. ही दारू जळली म्हणजे तिचा सगळाच धूर होतो असें आपणांस वाटतें. तसें होत नाहीं. नोबल आणि आबेल या दोघां ब्रिटिश संशोधकांनीं १८७५ च्या सुमारास बंद पोलादी भांड्यांत दारू जाळून मोजमाप केलें, तेव्हां असें दिसलें कीं दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपांत मागें उरतो. त्यांत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड असे क्षार असतात. हे क्षार हवेंतील ओल शोषून घेतात. कोरड्या हवेंत त्यांची कठीण खपली बनते, दमट हवेंत काळा चिखल होतो, आणि दोन्ही अवस्थांत ते नळीला चिकटून बसतात.

ज्यांची नळी आंतून गुळगुळीत होती अशा जुन्या बंदुकांना याचा फारसा त्रास नव्हता. इंग्रज पलटणींतल्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीची नळी सुमारें पाऊण इंच रुंद असे व गोळी तिच्याहून मुद्दाम बरीच लहान ठेवीत. पुष्कळ बार काढल्यावरही ती गोळी घरंगळत खालीं जाई. अर्थात् ती बाहेर पडतांनाही तशीच घरंगळत जाई, म्हणून नेम कसला तो नसे! नेम हवा तर गोळी नळींत घट्ट बसली पाहिजे आणि नळीच्या आंत पेचदार खांचा पाहिजेत, म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं फिरत सरळ जाते. हीच रायफल. परंतु गोळी घट्ट झाली कीं काजळी आडवी आली. १८०० सालीं इंग्रज सैन्यांत आलेल्या बेकर रायफलीबरोबर आरंभीं लांकडी हातोड्या दिल्या होत्या. गज ठोकून ठोकून गोळी खालीं न्यावी लागे. शत्रु समोर असतां हातोडीनें बंदूक भरणाऱ्या शिपायाची अवस्था आपणच कल्पावी.

१८५३ च्या एन्फील्ड रायफलीनें हा पेच वेगळ्या रीतीनें सोडविला. गोळी नळीहून किंचित् लहान, म्हणून ती सहज खालीं जाई. बार उडतांच मऊ शिशाची ती लांबट गोळी बुडाशीं फुगे आणि खांचांना घट्ट बसे. तरीही काजळी राहिलीच. ती मऊ ठेवण्यासाठीं गोळीभोंवतींच्या कागदाला वंगण लावीत. खालीं जातांना व बाहेर पडतांना हें वंगण नळीला लागे, मागच्या बाराची खपली ओली-मऊ होई, आणि पुढची गोळी अडकत नसे. म्हणजे प्रत्येक काडतूस आपल्यापुरती नळीही पुशीत असे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच आहे: ती चरबी नळी साफ राहावी म्हणून होती.

पुढचें आपणांस ठाऊक आहे. काडतुसाचें टोंक दांतांनीं फाडावें लागे. वंगणांत प्राण्यांची चरबी व मेण असे, आणि ती चरबी कोणत्या प्राण्यांची याची पुरेशी चौकशी वरिष्ठांनीं केली नव्हती. जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळ डमडम येथें ती वार्ता फुटली. महिनाअखेर सरकारनें शिपायांना मेण आणि तेल यांचें आपल्या पसंतीचें वंगण लावण्याची मुभा दिली. परंतु तोंवर संशय काडतुसाच्या कागदाच्या तुकतुकीपर्यंत जाऊन पोहोंचला होता. २४ एप्रिल रोजीं मीरत येथें तिसऱ्या घोडदळांतील नव्वदांपैकीं पंचाऐंशीं स्वारांनीं काडतुसें हातीं घेण्याचें नाकारलें. तीं काडतुसें जुन्या पद्धतीचीं, नव्या वंगणाचीं नव्हतींच, असें इतिहासकार सांगतात. विश्वास एकदां उडाल्यावर कोणतें काडतूस कसलें हें कोण पाहतो? मेण आणि तेल यांनीं काजळी मऊ राहते हें सरकारला मागाहून मान्य झालें. तेंच आधीं सुचतें तर उठाव झाला नसता असें मी म्हणणार नाहीं, कारण उठावाचीं कारणें त्याहून पुष्कळ खोल होतीं. पण हें निमित्त तरी मिळालें नसतें.

त्याच वर्षीं विल्यम मेटफर्ड नांवाचा एक इंग्रज एंजिनिअर ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर बिहारांत मुंगेरला होता. प्रकृति बिघडून तो मायदेशीं परतला, आणि पुढें त्यानें आपलें आयुष्य याच काजळीशीं झगडण्यांत घालविलें. खांचांना तीक्ष्ण कोपरे असले कीं त्यांत घाण बसते, म्हणून त्यानें उथळ व गोलसर अशा सात खांचा योजिल्या. १८८८ सालीं ब्रिटिश सैन्यानें त्या स्वीकारल्या. हीच ली-मेटफर्ड रायफल. दैवाचा खेळ असा कीं काळ्या दारूसाठीं जन्मभर खपून केलेली ही रचना सिद्ध होते न होते तोंच काळी दारूच निघून गेली. १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएल यानें धूरविरहित दारू शोधली. इंग्लंडांत १८८९ सालीं आबेल आणि ड्यूअर यांनीं कॉर्डाइट तयार केलें. कॉर्डाइटच्या प्रखर उष्णतेनें मेटफर्डच्या उथळ खांचा थोड्याच दिवसांत झिजूं लागल्या. १८९५ मध्यें त्यांच्या जागीं पांच खोल खांचा आल्या आणि रायफलीचें नांव ली-एन्फील्ड झालें.

आतां सर्वांना वाटलें कीं नळी साफ करण्याची कटकट संपली. नवी दारू जवळजवळ सगळी वायुरूप होई. बारानंतर नळींत डोकावून पाहिलें तर ती आरशासारखी दिसे. शिपाई तेलाचें फडकें फिरवी आणि बंदूक ठेवून देई. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं त्याच आरशांत तांबूस ठिपके दिसत! पुन्हां पुसावें, पुन्हां तेल द्यावें, पुन्हां ठिपके. काळ्या दारूच्या काळीं घाणेरड्या दिसणाऱ्या नळ्या धुतल्यावर वर्षानुवर्षें टिकत. आणि या स्वच्छ दिसणाऱ्या नळ्या मात्र आंतून पोखरूं लागल्या.

तज्ज्ञांनीं याचें कारण शोधलें. नव्या दारूंत नायट्रिक अम्लाचा अंश. तिच्या ज्वालेंतून अम्ल वायु निघून ते पोलादाच्या छिद्रांत शिरतात व मागाहून हळूहळू बाहेर पाझरतात, असें त्यांनीं ठरविलें. आमच्या शेजारीं एक निवृत्त सुभेदार राहत असत. ते आतां हयात नाहींत. ते सांगत, “मास्तर, नळी तीन दिवस घाम टाकते. तीनही दिवस पुसली पाहिजे.” इंग्रजी पुस्तकांत मला हाच शब्द, ‘घाम’, सांपडला तेव्हां मोठी गंमत वाटली. एक चुकीची उपपत्ति विलायतेंतल्या प्रयोगशाळेपासून साताऱ्याच्या बराकीपर्यंत एकाच शब्दानें प्रवास करून आली होती.

उपपत्ति अम्लाची, तेव्हां औषध अल्कलीचें. बाजारांत नळी साफ करण्याचीं द्रावणें व तेलें येऊं लागलीं. अमेरिकेंत फ्रँक हॉपी यानें १९०३ सालीं आपलें ‘नंबर नऊ’ काढलें, तें आजही विकलें जातें. जर्मनींत १९०४ सालीं क्लेव्हर यांच्या कारखान्यांतून ‘बॅलिस्टॉल’ हें सौम्य अल्कली गुणाचें तेल निघालें. इंग्लंडांत यंग यांचें तेल प्रसिद्ध होतें. कोणी सोड्याचें पाणी वापरी, कोणी रॉकेल. प्रत्येकाचा एकेका बाटलीवर विश्वास, आणि नेमबाजांच्या मंडळींत यावरून होणारे वाद वैद्यांच्या वादांहून कमी नव्हते. परंतु बाटली कोणतीही असो, दमट हवेंत गंज येई तो येईच. आणि ज्याची हवा कोरडी, तो आपल्या बाटलीचे गोडवे गाई.

इतक्यांत ब्रिटिश सैन्यांतील सामान्य शिपाई मात्र एक अडाणी वाटणारी गोष्ट करीत होता. बार झाल्यावर तो नळीच्या मागच्या तोंडाला पत्र्याचें नसराळें लावी आणि कढत पाणी ओती. मग दोरीनें चिंधी ओढून नळी कोरडी करी व शेवटीं तेल देई. सुभेदारसाहेबांनींही हेंच केलें होतें. या दोरीला आपल्या फौजेंत ‘पुलथ्रू’ म्हणतात आणि चिंधीला ‘चिंदी’. कोरड्या पुसण्याची चिंदी चार इंच लांब व दोन इंच रुंद, हें माप ज्यांनीं एन. सी. सी. केलें त्यांना पाठ असेल. दोरीच्या एका टोंकाला पितळी वजन, दुसऱ्या टोंकाला फांसे. आणि ती सगळी गुंडाळून तेलाच्या बाटलीसह रायफलीच्या लांकडी दस्त्यांतल्या पोकळींत ठेवावयाची. दोरी तिरपी ओढली तर ती तोंडाशीं नळीच झिजविते, आणि तोंडाशीं झिजलेल्या नळीचा नेम गेलाच. म्हणून ज्याला सवड आहे त्यानें मागच्या बाजूनें सरळ गज घालावा हें उत्तम. पण शिपायानें खंदकांत तीन हात लांब गज कोठें सांभाळावा?

कोडें सुटलें तें १९२२ सालीं. अमेरिकेच्या खाण खात्यांतील विल्बर्ट हफ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें गंजाविषयींचा आपला निबंध प्रसिद्ध केला. दारू त्यानें निर्दोष ठरविली. दोष निघाला काडतुसाच्या बुडाशीं असलेल्या चिमुकल्या टोपींत! चाप ओढल्यावर जी ठिणगी पडते ती या टोपींतील स्फोटक द्रव्याची. त्या द्रव्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. अमेरिकन सैन्याच्या त्या काळच्या टोपींत तर निम्म्याहून अधिक. क्लोरेट जळतांना आपला प्राणवायु देऊन टाकतें आणि मागें पोटॅशियम क्लोराइड उरतें. शंभर भार क्लोरेटाचें एकसष्ट भार क्लोराइड होतें, हें हिशेबानें कोणासही काढतां येईल. आणि क्लोराइड म्हणजे काय? आपल्या स्वयंपाकघरांतील मिठाचें सख्खें भावंड. प्रत्येक बाराबरोबर शिपाई आपल्या नळींत चिमूटभर मीठच फवारीत होता!

आतां एकेक गोष्ट उलगडते पाहा. मीठ तेलांत विरघळत नाहीं. म्हणून तेलाचें फडकें मिठावरून नुसतें फिरून जाई, उलट त्याला पांघरूण घाली. तें अम्ल नव्हे. म्हणून सोड्यानें मारलें जात नसे. तें कोरड्या हवेंत स्वस्थ पडून राही. हवेची आर्द्रता शेंकडा चौऱ्यायशींच्या आसपास गेली कीं शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आपण होऊन पाणी ओढून घेऊं लागतें. मार्चांतल्या सोलापुरांत न गंजणारी बंदूक श्रावणांतल्या रत्नागिरींत एका रात्रींत कां गंजते, तें यांत आलें. नळीला घाम येत नव्हता. मिठाला पाणी सुटत होतें. आणि काळ्या दारूच्या काळीं हा दोष कां दिसला नाहीं? क्लोरेटाच्या टोप्या तेव्हांही होत्या. पण एक तर दारूच्या ढीगभर राखेंत तें मीठ विखरून जाई, आणि दुसरें, राख इतकी दिसे कीं लोक नळी पाण्यानें धूतच असत. नवी दारू स्वच्छ निघाली, लोकांनीं पाणी सोडलें, आणि गंज आला.

निदान ठरल्यावर औषध दोन प्रकारचें निघालें. एक टोपीच बदलण्याचें: क्लोरेटाऐवजीं बेरियम नायट्रेट, शिशाचें स्टिफ्नेट अशीं द्रव्यें घालावयाचीं. जर्मनींत याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभींच झाले होते. १९२० नंतरच्या दशकांत जर्मनी व अमेरिका दोन्ही ठिकाणीं अशा टोप्या बाजारांत आल्या. लष्करें मात्र सावध. क्लोरेटाची टोपी वर्षानुवर्षें कोठारांत पडून राहिली तरी दगा देत नाहीं. आणि नळी गंजली तर धुतां येते, पण ऐन वेळीं बार न उडाला तर काय धुणार? त्यामुळें अमेरिकन सैन्यानें मुख्य रायफलीच्या काडतुसांतून क्लोरेट काढलें तें १९५० च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं शिपायांना तेल व पाणी एकत्र मिसळलेलें द्रावण दिलें. त्यांतलें पाणी मीठ धुवी आणि तेल उरलेलें काम करी. बाटलीवरील नांव मोठें होतें, पण आंतला खरा गुण पाण्याचा!

या सगळ्यांत एका दुसऱ्या मळाविषयीं सांगावयाचें राहिलें. नव्या दारूच्या वेगाला नुसतें शिसें टिकेना, म्हणून गोळीवर तांबें व निकल यांच्या मिश्रणाचें कवच चढवूं लागले. त्याचे चिवट गोळे नळीच्या तोंडाशीं साठत. ते काढण्यासाठीं तीव्र अमोनिया, अमोनियम कार्बोनेट व पर्सल्फेट यांचें द्रावण नळींत कांहीं मिनिटें भरून ठेवीत. जरा विसरला, नळीचा कांहीं भाग उघडा राहिला, द्रावण वाळलें, कीं तेंच पोलाद खाई. १९२१ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय स्पर्धेसाठीं गोळीवर कथलाचा मुलामा देऊन पाहिला. मळ गेला खरा, पण कथिलानें गोळी काडतुसाच्या गळ्याला जणू डांक दिल्यासारखी चिकटली, आणि वरून वंगण लावणाऱ्यांच्या रायफलींत दाब धोक्याच्या पातळीवर गेला. शेवटीं निकल काढून तांबें व थोडें जस्त यांचें कवच आलें आणि हा त्रास बराच ओसरला. तांब्यासाठीं अमोनियायुक्त द्रावण, राखेसाठीं साधें तेलकट द्रावण, आणि मिठासाठीं पाणी: ज्याचा मळ त्याचें औषध. आज मोठ्या कारखान्यांच्या बहुतेक नव्या काडतुसांत क्लोरेट नसतें, त्यामुळें पाण्याची गरज उरलेली नाहीं. जुन्या लष्करी साठ्यांतील काडतुसें वापरणाऱ्याला मात्र ती आजही आहे.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील घरीं शेतीच्या राखणीसाठीं परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांवर बार काढून आले कीं काका प्रथम नळींत गज सोडून तिच्यांत भरलेलें कांहीं नाहीं ना याची खात्री करून घेत, आणि मग चुलीवरचें आधण नळींत ओतीत. काळें पाणी अंगणांत वाहे. स्वच्छ पाणी येईपर्यंत ते ओतीत राहत; मग चिंध्या, आणि शेवटीं तेलाचा हात. मी तेव्हां आठवी-नववींत होतों आणि लोखंडाला पाण्यानें गंज येतो हें शास्त्राच्या पुस्तकांत नुकतेंच शिकलों होतों. एकदां श्रावणांत काकांना ताप होता, म्हणून बंदूक पुसण्याचें काम माझ्याकडे आलें. मी पुस्तकी शहाणपण वापरलें. पाण्याचा थेंबही लावला नाहीं. बाटलीभर तेल जिरविलें. दोन दिवसांनीं काकांनीं चिंधी फिरविली ती विटकरी रंगाची निघाली. ते रागावले नाहींत. “पाणी कां नाहीं घातलेंस?” एवढेंच म्हणाले. मी म्हटलें, “काका, पाण्यानें लोखंड गंजतें.” ते म्हणाले, “तुझे आजोबा पाणीच घालीत.” याहून अधिक कारण त्यांच्यापाशीं नव्हतें, आणि तेवढ्यानें माझें समाधान होणें शक्य नव्हतें.

वर्गांतल्या त्या मुलाच्या प्रश्नानंतर हें सारें वाचून झालें तेव्हां काका ऐंशीच्या घरांत होते. सुट्टींत गांवीं गेलों आणि ओटीवर बसून त्यांना काळ्या दारूचे क्षार, टोपींतलें क्लोरेट, मीठ, अमेरिकेंतला तो रसायनशास्त्रज्ञ, सगळें क्रमानें सांगितलें. त्यांनीं लक्ष देऊन ऐकलें. मग म्हणाले, “म्हणजे मीठ विरघळण्याशीं कारण. मग पाणी कढतच कशाला हवें रे? गार पाण्यांतही मीठ विरघळतें.”

प्रश्न बिनतोड होता. मी सांगितलें कीं मीठ धुवावयास गार पाणी पुरेसें आहे. कढत पाण्यानें नळी तापते आणि मग ती आपोआप वाळते, म्हणून तें सोयीचें. काकांनीं मान हलविली, आणि आंत हांक मारून चुलीवर आधण ठेवावयास सांगितलें. आदल्याच रात्रीं बागेंत डुकरें आलीं होतीं.